गोळी न बघितलेली पोर

ताईला लघवीची जळजळ पहिल्यांदा झाली तेव्हा ती दहावीत होती. लोणंदला आमच्या घरापासून दवाखाना चार पावलांवर होता, पण तसल्या दुखण्यासाठी लग्नाची मुलगी तिथल्या बाकावर बसलेली आईला चालणार नव्हती. बाकावर सकाळी कोण बसलं होतं हे संध्याकाळपर्यंत कांदा मार्केटला कळायचं. म्हणून आईने एक युक्ती काढली आणि त्या युक्तीचा तिला फार अभिमान होता. दुखणं ताईचं, गोळ्या मात्र वडिलांच्या नावावर.

आणायला मी. स्टेशनजवळच्या मेडिकलवाल्याला सांगायचं, बाबांच्या पायाला लागलंय, पू झालाय, मागच्याच गोळ्या द्या. वडील मार्केटात मापाडी होते, त्यामुळे पायावर गोण पडणं सहज खपून जायचं. तो हळहळायचा आणि गोळ्यांची पट्टी कापून द्यायचा. चार वर्षांत वडिलांचा पाय इतक्या वेळा पिकला की खरं असतं तर तो केव्हाच कापावा लागला असता. वडील बिचारे रोज दोन्ही पायांवर चालत घरी यायचे. त्यांना यातलं काहीच माहीत नव्हतं.

ताईने चार गोळ्या घेतल्या की जळजळ थांबायची. लगेच आई उरलेल्या काढून घ्यायची आणि शिलाई मशीनच्या खणात टाकायची, पुढच्या वेळेसाठी. पुढची वेळ यायचीच. हळूहळू चार गोळ्यांनी भागेना, मग सहा लागल्या, मग आठ. "आता गोळ्याच भेसळीच्या येत्यात," आई म्हणायची, आणि मीही मान डोलवायचे. मला ताप आला की मलाही त्याच खणातली एखादी मिळायची.

ताईला विट्याचं स्थळ आलं. मुलाचं लांब परराज्यात सोनं गाळायचं दुकान होतं, घरी सासू एकटी. तिने पोरीचा रंग पाहिला नाही, स्वयंपाक विचारला नाही. एवढंच विचारलं, "दुखणंबिखणं काय न्हाई न्हवं? मला घरात धडधाकट माणूस पायजे."

आई म्हणाली, "माझ्या पोरीनं आजवर गोळी बघितली न्हाई."

लग्न झालं. ताईच्या ट्रंकेत परकरांच्या घडीत आईने गोळ्यांच्या दोन पट्ट्या सरकवल्या. त्याच, वडिलांच्या पायाच्या.

लग्नाला आठ महिने होतात न होतात तोच शेजारच्यांच्या फोनवर निरोप आला. ताईला थंडी वाजून ताप, पाठीत कळा, सांगलीला दवाखान्यात ठेवलंय. आई आणि मी एसटीने पोचलो. ताईचे ओठ सुकले होते. सासू बाहेर गेल्यावर ती माझ्या कानाशी म्हणाली, "दोन्ही पट्ट्या संपवल्या गं. काय उपेग झाला न्हाई."

तेवढ्यात डॉक्टर आले आणि त्यांच्यामागून सासूही. डॉक्टर तरुण होते, घाईत नव्हते. म्हणाले, "मूत्रपिंडात पू झालाय. जंतू तपासायला पाठवलेत, पण रिपोर्टला तीन दिवस लागतील. तोवर कुठलं औषध द्यायचं ते मला तुमच्या सांगण्यावरून ठरवायचंय. एखादं औषध आधी फार झालं असेल तर ते आता चालणार नाही. काय काय घेतलंय हिने?"

ताईने सासूकडे पाहिलं आणि मान हलवली. काही नाही.

डॉक्टरांनी आईला विचारलं. आईने तेच वाक्य म्हटलं, तोच सूर, जणू मुलगी अजून दाखवायचीच होती. मग त्यांनी मला विचारलं. पेन तसंच कागदावर टेकवून ते थांबले. आईने मागून माझा दंड चिमटीत धरला होता, पण आईच्या चिमटीने माणूस मुका होत नाही. मी मिठाची गुळणी धरून बसले, कारण माझी पाचावर धारण बसली होती. ताई बरी होऊन घरी जाईल आणि खरं कळलेली ही सासू तिला रोज टोचून खाईल, असं मला वाटत होतं. ताई बरी होणारच नाही, हे मनातही आलं नाही.

सलाईनमधून जे औषध सुरू झालं ते आमच्या मशीनच्या खणातलंच होतं. फक्त बाटलीतून.

तिसऱ्या दिवशी रिपोर्ट घेऊन डॉक्टर आले. ओरडले नाहीत. "हे औषध या जंतूंना पाणी झालंय. पहिल्याच दिवशी कळलं असतं तर दुसरं दिलं असतं," एवढंच बोलले. दुसरं सुरू केलं. तोवर ताईची लघवी बंद झाली होती. पाचव्या दिवशी ती गेली. तिचा नवरा पोचला तेव्हा राख सावडून झाली होती.

चार महिन्यांनी सासू लोणंदला आमच्या घरी आली. झालं ते झालं, धाकटी द्या, म्हणाली. मग माझ्याकडे बघत आईला विचारलं, "हिचं तरी काय न्हाई न्हवं?"

"हिनं आजवर गोळी बघितली न्हाई," आई म्हणाली.

मी चहाचा ट्रे खाली ठेवला आणि सगळं सांगितलं. मेडिकलवाला, वडिलांचा पाय, मशीनचा खण, ताईच्या ट्रंकेतल्या पट्ट्या, माझ्या पोटात गेलेल्या गोळ्या. सासू उठली, चपला घातल्या आणि चहा न घेताच गेली. त्या घरात मला कुणी नेलं नाही. आई वर्षभर माझ्याशी बोलली नाही, त्याचं मला काही वाटलं नाही.

ताईसाठी जे तोंड उघडलं नाही, ते स्वतःसाठी लगेच उघडलं. सगळं सांगायला दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत. सांगलीच्या त्या कॉटजवळ डॉक्टर त्याहून जास्त वेळ थांबले होते.