खंडेनवमीचा रंग

माझा राग नाकावर असतो, हे बिबवेवाडीत आमच्या सोसायटीच्या वॉचमनलाही माहीत आहे. पण त्या आठवड्यातला राग अजून उतरलेला नाही.

मी विमानांचे रेडिओ दुरुस्त करते. शहराच्या कडेला, दोन आसनी विमानांवर उड्डाण शिकवणारी एक शाळा आहे, तिथे. दसऱ्यानंतर आमच्या एका विद्यार्थिनीचं एकटीनं पहिलं उड्डाण होतं. तिचे वडील हिंजवडीच्या कंपनी-बसवर ड्रायव्हर. ती विमान घेऊन धावपट्टीकडे निघाली, कंट्रोल टॉवरने रेडिओवरून दोनदा थांबायला सांगितलं आणि ती थांबलीच नाही. प्रशिक्षकांनी उड्डाण रद्द केलं आणि पुन्हा अशी चूक झाली तर घरी बसा म्हणून बजावलं. ती म्हणाली, हेडफोनमध्ये कर्कश शिट्टी वाजत होती, इंजिनाबरोबर चढत होती, टॉवरचं काही ऐकूच आलं नाही.

माझ्या रेडिओला कुणी नावं ठेवलेली मला खपत नाहीत. इंजिन बंद ठेवून बॅटरीवर मी रेडिओ लावला. आवाज स्वच्छ. मी सगळ्यांसमोर तिला म्हणाले, "नाचता येईना अंगण वाकडं."

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा माझ्या वर्कशॉपच्या दारात. "मॅडम, एकदा इंजिन चालू करून ऐकता का?"

तिचं तोंड बंद करायचं म्हणूनच मी विमानात बसले. इंजिन सुरू झालं आणि कानात शिट्टी घुसली. वेग वाढवला, शिट्टी चढली. इंजिनावर वीज तयार करणाऱ्या अल्टरनेटरचं बटण बंद केलं, शिट्टी गायब.

मग मी प्रशिक्षकांवर भडकले, मुलीचं ऐकून घ्यायला यांचे कान झिजतात का म्हणून. मेकॅनिकवर भडकले. अल्टरनेटर काढायला लावला. तो ठणठणीत निघाला. वायरी तपासल्या, फिल्टर बदलला, दुपार गेली. शेवटी इंजिनामागच्या पत्र्यावरची अर्थिंगची पट्टी सोडवली. बोल्टखाली चकचकीत पांढरा रंग होता. धातूला धातू टेकलेलाच नव्हता, म्हणून अल्टरनेटरचा आवाज रेडिओत शिरत होता.

तो बोल्ट मीच आवळला होता. खंडेनवमीला आम्ही हत्यारांची आणि विमानांची पूजा करतो. पूजेसाठी तो पत्रा नव्याने रंगवला होता. पट्टीखालचा रंग खरवडायचा असतो, हे मी वीस वर्षं इतरांना शिकवत आलेय. पण गुरुजी आरतीला खोळंबले होते, आणि झेंडू घातलेल्या विमानावर सणाच्या दिवशी ओरखडा काढणं माझ्या जिवावर आलं. नंतर बघू म्हटलं आणि विसरले.

मी पॉलिश पेपरने रंग काढला, बोल्ट आवळला. शिट्टी गेली. प्रशिक्षकांसमोर तिला बोलावून चूक माझी होती असं सांगितलं. त्यांनी लगेच उड्डाणाची नवी तारीख दिली. तिला आनंद होईल असं मला वाटलं होतं. ती फक्त म्हणाली, "तुम्हीच रेडिओ चांगला म्हणालात, म्हणून मी बाबांना सांगितलं की माझंच लक्ष नव्हतं. काल रात्रीपासून ते माझ्याशी बोललेले नाहीत."

मला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली. वडिलांना फोन लावू का विचारलं, तर म्हणाली, ड्युटीवर असतात, उचलत नाहीत. त्यांची बस कुठे उभी असते ते तिच्याकडून नीट विचारून घेतलं. स्कूटर काढली आणि ऐन गर्दीच्या वेळी हिंजवडीचा रस्ता धरला.