पडद्याच्या अलीकडे

“मासी, अंदर आवो,” किशोरभाई पडद्यामागून म्हणाला. मी अलीकडे बसून साडीचे धागे कापत होते. मी विचारलं, “कपडे घातलेत का त्यांना?” तो पुन्हा म्हणाला, “मासी, आवो.” मी हातातला पदर पुरा केला, कात्री खाली ठेवली आणि मग उठले. आत गेले तर आमचे हे गेलेले होते. अंगावर ओला टॉवेल, तोंड उघडं. तोंडात पाणी किशोरभाईनंच घातलं होतं. चार हातांवर नवरा मेला, आणि मी विचारत होते त्याच्या अंगावर कपडे आहेत का.

याला आता दीड महिना झाला. हे धुळ्याकडून सुरतेत उधन्याला लूमच्या कारखान्यात आले ते ऐन विशीत. यंत्रांच्या आवाजात जन्म गेला, म्हणून घरातही ओरडूनच बोलायचे. मीठ मागितलं तरी शेजारणीला वाटायचं, यांचं भांडण जुंपलं. अंघोळ झाल्यावर पावडर लावून भांग पाडल्याशिवाय ओट्यावर पाऊल टाकायचे नाहीत. अशा माणसाची एका सकाळी उजवी बाजू गेली. जीभ थोडी जड झाली, पण आवाज तेवढाच राहिला.

पहिले काही दिवस मीच सगळं केलं. मी साफ करायला लागले की हे भिंतीकडे तोंड करायचे. मग जेवण कमी केलं. पोटातच काही गेलं नाही तर मला उचलावं लागणार नाही, असा त्यांचा हिशेब. मी रागावले तर म्हणाले, “हाई काम तुनं नही.” आमची मूळची अहिराणी अशी मधूनच बाहेर पडायची.

“मग कोणाचं?”

“माणूस ठेव.”

“आणि पगार तुमचा शेठ देणार का?”

“तू कमव. इतकी वर्षं मी कमवलं, आता तुझी पाळी.”

मला संताप आला. पण ताटाला हात लावेनात, तेव्हा माणूस ठेवला. किशोरभाई वलसाडकडचा, पन्नाशी ओलांडलेला, आधी दवाखान्यात रोग्यांचं करायचा. अर्धं गुजराती, अर्धं मराठी बोलायचा. त्याच्या पगारासाठी मी घरी साड्या आणायला लागले, मागचे लोंबते धागे कापायला. कमी पडलं की नंदुरबारहून मुलगी पाठवायची. खोली एकच. तारेवर माझं जुनं लुगडं टाकून ह्यांनी पडदा करायला लावला. पडदा ओढलेला असला की मी आत यायचं नाही, असा हुकूम. आणि पडदा दिवसभर ओढलेलाच असायचा.

पलीकडे दोघांचं हसणं चालायचं. “काका, मासी आज गुस्सामां छे,” किशोरभाई म्हणायचा. “अरे, ती लग्नापासून गुस्सामांच छे,” हे ओरडायचे. मग मला, “कात्री का थांबली गं? झोपलीस?” मी म्हणायची, “तुमच्या साहेबांचा पगार काढतेय, बोलू नका.” पुन्हा हसणं... मला वाटायचं, बरं चाललंय. दिवाळीचा माल संपला की काम कमी करू, दुपारी थोडं त्यांच्याजवळ बसू. त्यांच्याजवळ बसायला माणूस ठेवला, आणि त्या माणसासाठी मी लांब बसले. संध्याकाळी तो गेला की पडदा निघायचा, तोवर हे दमून डोळे मिटलेले असायचे. पाठीवरून हात फिरवायला गेले तर म्हणायचे, “राहू दे, झोप आलीय.”

दहाव्यानंतर किशोरभाई भेटायला आला. मी चहा दिला. पाठीला हात का लावू द्यायचे नाहीत, हे मनातून जात नव्हतं. विचारलं, “पाठीला जखम होती का रे?”

त्यानं कप खाली ठेवला. “होती, मासी. पडून पडून झालेली. रोज धुवून पट्टी करायचो. भरत आली होती. काकांनी शपथ घातलेली, तुम्हाला बोलायचं नाही.”

“मला कळलं असतं तर मी काय केलं असतं?”

“काका म्हणायचे, तिला कळलं तर ती पडदा फाडेल.”

खरं बोलले. फाडलाच असता. पहिल्याच आठवड्यात फाडायला हवा होता. ओरडले असते, दोन दिवस जेवले नसते, तिसऱ्या दिवशी भुकेनं जेवले असते. त्यांचा हट्ट मला सगळ्या जन्माचा माहीत होता. त्याला कधी जुमानलं नाही, आणि नेमकं तेव्हा जुमानलं. लोक म्हणतात, नवऱ्याचा मान राखलास. कसला मान... मी जखम झाकायला पैसे दिले.

“शेवटी काही बोलले का?” मी विचारलं.

“नाही. मी पाय पुसत होतो. एक मोठा श्वास घेतला, बस.”

एका खोलीत तेव्हा आम्ही तिघं होतो. त्यांना जाताना किशोरभाईनं पाहिलं. मी पाहिलं नाही.