दोन मिलिमीटरचा नर

आमच्या लॅबमध्ये कोळी कमी आणि किस्सेच जास्त जमतात. सुरतेच्या एका कॉलेजातली ही झूलॉजीची लॅब. मॅडम, हितेश आणि मी, असे तिघं. विषय, बुटके कोळी. दोन मिलिमीटरचा सगळा ऐवज! जीनस ठरलं होतं, स्पीशीज अडली होती, कारण दोन वर्षं नुसत्या माद्याच सापडत होत्या. नर नाही तर नाव नाही, आणि नाव नाही तर माझा थीसिस नाही.

*

सुरतेजवळ चलथाणच्या उसात आम्ही रांगत होतो. तोडणीवाल्या मावश्यांना वाटलं, माझं कानातलं पडलं. अख्खी टोळी कोयते ठेवून शोधायला लागली! खरं सांगितल्यावर एक मावशी डब्यात तळहाताएवढा कोळी घेऊन आल्या.

"एवढासा कशाला शोधता? हा मोठा न्या की."

*

हे कोळी पकडायचे म्हणजे रबरी नळी तोंडात धरून ओढायचं, कोळी बाटलीत येतो. तो तोंडात येऊ नये म्हणून मध्ये जाळीचं कापड लावतात. हितेशनं ते धुऊन वाळत घातलं होतं! त्यानं जोरात ओढलं आणि कोळीच गिळला. बिचारा ठसकून लाल झाला.

मॅडमनी एवढंच विचारलं, "नर होता का?"

हितेश अजून शपथेवर सांगतो, मादीच होती.

*

नराची खूण सोपी. तोंडाजवळचे दोन इवले हात फुगलेले आणि डोक्यावर टेंगूळ. मी घरी चित्र काढून दाखवलं. आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, सुरतेच्या उधन्यात जन्मभर कापडाचे लूम चालवले. ते अहिराणीतच वैतागले. "जे दिखतच नही, त्याना मांगे काय फिरस?"

तरी थंडीतल्या एका सकाळी आले बांधावर बसायला. अशा हवेत हे कोळी गवताच्या टोकावर चढून सूत सोडतात आणि वाऱ्यावर उडून जातात. आम्ही आपले खाली रांगतोय. आप्पांनी एकदम हात वर केला आणि हवेत चिमूट धरली. लूमवरची सवय, सुटं टोक दिसलं की हात जातोच.

"धागा तुटेल शे," ते म्हणाले. म्हणजे, तुटलाय.

चिमटीखाली एक ठिपका लोंबत होता. मॅडमनी भिंग लावलं. इवले हात फुगलेले. डोक्यावर टेंगूळ!

मला रडूच फुटलं. हितेश बांधावर नाचायला लागला. मॅडम फोटोवर फोटो काढत सुटल्या. बाटली आणायचं कुणाला सुचलंच नाही. आप्पा तसेच उभे, हात वर, श्वास रोखून. शेवटी हळूच म्हणाले,

"आते गाठ मारू, का सोडू?"