मांडवातली निळी गाडी

ब्रह्मपुरीत मे महिन्यात भर दुपारी कुत्रंसुद्धा रस्त्यावर दिसत नाही. पण आमच्या ह्यांना कोण सांगणार? डोक्याला दुपट्टा गुंडाळून अंगणात गाडी घासत उभे!

गाडी जुनी होती, निळी होती आणि आमची होती. 'आमची' म्हणायची मला इतकी हौस, की नळावर चारचौघींत मी तो शब्द मुद्दाम काढायचे. लग्न झाल्यापासून ह्यांनी दुसऱ्याच्याच गाड्या चालवल्या. सावली गाव म्हणू नका, गडचिरोली म्हणू नका, सगळीकडे फिरले, पण कुणी विचारलं की उत्तर एकच, "गाडी मालकाची आहे जी." आता ही स्वतःची घेतली आणि लग्नसराईत नवरदेवाची गाडी म्हणून पहिलीच बोलणी आली होती. मुलाचे वडील संध्याकाळी गाडी बघायला येणार होते. नाही पसंत पडली तर जुन्या मालकाचं दार उघडं होतंच. "केव्हाही परत ये," असं त्यानं सांगून ठेवलं होतं, आणि तेच मला डाचत होतं.

मी ताक घेऊन बाहेर आले, तर गाडी पांढरीफटक! ह्यांनी टपापासून डिक्कीपर्यंत पॉलिश फासलं होतं आणि स्वतः दारात टेकले होते.

"हे काय केलं?"

"वाळू दे. उन्हात वाळलं म्हणजे पक्कं बसते."

आमच्याकडे मोहफुलं उन्हात, कुरड्या उन्हात, धान उन्हात. त्याच हिशेबानं गाडीही उन्हात! मी फडकं घेऊन पुसायला गेले, तर पत्रा तव्यासारखा तापलेला आणि पॉलिश जागचं हलेना. सगळीकडे पांढरे चट्टे.

"कुरडई वाटली का तुमाले गाडी?" मी ओरडले. मला राग आला की गल्लीला कळतं.

 ह्यांनी माझ्या हातातलं फडकं घेऊन खांद्यावर टाकलं आणि म्हणाले, "जाऊ दे. आपल्याले नाई जमत हे. उद्या जातो जुन्या मालकाकडे."

त्यापेक्षा हे भांडले असते तर बरं वाटलं असतं.

आवाज ऐकून शेजारची बाई बाहेर आली. तिच्या मुलीचं लग्न नुकतंच झालं होतं. मुलगी मांडव-परतणीला सासरहून पहिल्यांदा माहेरी यायची होती, म्हणून दारापुढचा जांभळाच्या डहाळ्यांचा मांडव अजून काढला नव्हता.

"काऊन कालवा करून राह्यली वो? लोटा ना गाडी माह्या मांडवात!"

आम्ही तिघांनी लोटली. पाला वाळला होता, तरी सावली दाट होती. ओली पोती टाकून पत्रा थंड केला. मग डबीच्या बुडाशी उरलेलं पॉलिश बोटभर घ्यायचं, तळहाताएवढ्या जागेवर चोळायचं आणि लगेच पुसायचं. जुनं पांढरं त्याच्यासोबत सुटायला लागलं. बाप्पा, काय जीव भांड्यात पडला माझा!

"हळद लावून राह्यले का गाडीले?" शेजारीण म्हणाली. "मंगलाष्टकं म्हणू काय?"

हे हसले. सकाळपासून पहिल्यांदा हसले.

संध्याकाळी मुलाचे वडील आले. टपावर एक चट्टा राहिलाच होता, पण तिथवर त्यांची नजर गेली नाही. गाडीभोवती फिरले, तिच्या चकचकीत दारात स्वतःचं तोंड पाहून टोपी नीट केली आणि ह्यांना म्हणाले, "गाडी पसंत आहे. मालकाले बोलवा, बोलणं करून घेऊ."

"हाव जी," हे म्हणाले आणि खरंच बोलवायला निघाले. कुणाला, ते देव जाणे!

"अवो, कुठी चालले? मालक तुमीच ना!" मी ओरडले.

हे मांडवाच्या खांबाशी थांबले. माखलेले हात लुंगीला पुसले, मागे फिरले आणि त्या पाहुण्यांसमोर उभे राहिले.

"बोला जी," ते म्हणाले. "गाडी माही आहे."