अण्णांचा ईसीजी आणि लॅमिनेशनचं मशीन

आजारी अण्णा आहेत, पण धडधड माझी थांबत नाहीये.

आज सकाळी साताऱ्याच्या डॉक्टरांनी अण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, जुना ईसीजी मागितला. नव्याशी ताडून बघायचा म्हणाले. आमच्याकडे तो एकच कागद होता, घड्यांवर विरलेला. फाटू नये म्हणून दवाखान्यासमोरच्या झेरॉक्सवाल्याकडे लॅमिनेशनला दिला.

कालच लागलेल्या कामगारानं काही न विचारता तो प्लॅस्टिकमध्ये घातला आणि मशीनच्या तोंडाशी नेला. तेवढ्यात तिथल्या जुन्या मावशी ओरडल्या, "आरं थांब! घालू नगंस!" आणि त्यांनी कागद हिसकावलाच.

मी भडकलो. "फाटला असता ना!"

"आवं दादा, ह्यो कागद गरम झाला की काळा पडतोय. सगळ्या रेघा जात्यात. आधी झेरॉक्स काढू."

"तुम्हाला कसं माहीत?"

मावशींनी मान खाली घातली. "माझ्या हातनं एकाचा काळा झालाय. लय वर्षं झाली."

दुकानदारांनो, जुनी माणसं टिकवा, एवढंच लिहिणार होतो. पण दुपारपासून डोक्यात तो दुसरा कागद आहे. त्या माणसाचं पुढं काय झालं? मला विचारायचा धीर झाला नाही. तुम्ही विचारलं असतं?