समोरच्या फ्लॅटमधल्या मार्गारेटबाई

किस्से काही कोणी ठरवून जमवत नाही. दाराबाहेरच्या चपलांसारखे ते आपोआप साचतात. दुबईच्या डिस्कव्हरी गार्डन्समध्ये आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये मार्गारेटबाई राहायला आल्या, आणि आमच्या दारात तर ढीगच लागला!

बाई अमेरिकेच्या. ऑपेरा गायच्या. ऑपेरा म्हणजे आपलं संगीत नाटकच, फक्त तिथे पाणीसुद्धा गाऊन मागतात. इथल्या एका मोठ्या हॉटेलने त्यांना बोलावून घेतलं आणि तेवढ्यात मंदी आली. शो खलास! आता व्हिसा संपायच्या आत दुसरीकडे गाणं मिळालं नाही, तर बाई परत अमेरिकेला. तिकडे तर मंदी इथल्याहून जोरात. "मला गाण्याशिवाय काही येत नाही हो, आजी," असं त्या इंग्रजीत म्हणायच्या आणि माझी नात सई मला मराठीत सांगायची.

*

पहिल्याच सकाळी बाईंचा रियाज सुरू झाला आणि खालचा सिक्युरिटीवाला धावत वर आला.

"अम्मा, कंप्लेंट आया है. कौन रो रहा है?"

"कोई नहीं रोता. मॅडम गाती है."

तो बाईंच्या दाराला कान लावून बराच वेळ उभा राहिला. मग हळूच म्हणाला, "अम्मा... पक्का?"

*

एकदा मी त्यांना थालीपीठ द्यायला गेले. दार उघडंच. बाई गालिच्यावर आडव्या, डोळे पांढरे, हात छातीवर! मी थालीपीठ तिथेच टाकलं, घरी पळाले, बुक्कीने कांदा फोडला आणि आणून त्यांच्या नाकाला लावला. बाई शिंकत उठून बसल्या!

मागोमाग सई आली. "आजी, शी वॉज प्रॅक्टिसिंग! शेवटच्या सीनमध्ये ती मरते!"

बाई डोळे पुसत हसत सुटल्या. म्हणाल्या, "न्यूयॉर्कपासून इटलीपर्यंत सगळीकडे मेले. पण वाचवायला आजवर कोणी आलं नव्हतं!"

*

संक्रांतीला मी त्यांना हळदीकुंकवाला बोलावलं. अजमानच्या जोशीवहिनी मागेच लागल्या, "नाव घ्या, नाव घ्या!" नवऱ्याचं नाव दोन ओळींत गुंफायचं, हे सईने समजावलं.

बाईंनी विचारलं, "कुठल्या नवऱ्याचं?"

तीन झाले होते! मी म्हटलं, "बाई, ज्याची आठवण गोड, त्याचं घ्या."

बाईंनी बराच विचार केला. मग डोळे मिटून असा काही सूर लावला, की जोशीवहिनींच्या डोळ्यांत पाणी आलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. नाव कुत्र्याचं होतं, हे सईने मला बायका गेल्यावर सांगितलं.

*

व्हिसा संपत आला, तेव्हा कुठे एका हॉटेलवाल्यांनी बाईंना बोलावलं. जुमेरा लेक टॉवर्समध्ये त्यांचं ऑफिस. ही शेवटची आशा. बाई म्हणाल्या, "आजी, समोर कोणीतरी आपलं बसलेलं हवं." म्हणून मी आणि सई बरोबर.

मॅनेजर मिस्री, म्हणजे इजिप्तचा. नजर मोबाइलवर. "यल्ला, सुरू करा," म्हणाला आणि बोटं मोबाइलवर चालूच. बाई गायला लागल्या. हा मान वर करेना. बाईंचा आवाज कापायला लागला.

मी उठले. मोबाइल त्याच्या हातातून काढून घेतला आणि माझ्या पर्समध्ये टाकून चेन ओढली.

"हबीबी, पहले गाना!"

सई कुजबुजली, "आजी, सो एम्बॅरसिंग!"

मॅनेजर करतो काय? ऐकत बसला. बाईंचा आवाज सावरला, चढला, काचा थरथरायला लागल्या. गाणं संपलं तेव्हा मॅनेजरच्या हाताला टिश्यू सापडेना.

म्हणाला, "मॅडम, दर शुक्रवारी तुमचं गाणं. व्हिसाचं मी बघतो. पण या अम्माही हव्यात. दारात बसतील आणि सगळ्या गेस्टचे मोबाइल काढून घेतील!"

बाई आनंदाने माझ्या गळ्यातच पडल्या. मी त्यांना हळूच बाजूला केलं आणि सईला म्हटलं, "त्याला सांग, गुरुवार बघ म्हणावं. शुक्रवारी माझं भजन असतं."