उद्याचं वाक्य आणि उद्याचं पाणी

मैत्रिणींनो, आत्ताच इंग्रजीच्या क्लासहून आले. डोकं लई गरम आहे, म्हणून इथंच लिहिते.

आज मॅडमनी भविष्यकाळ घेतला. म्हणाल्या, "उद्या काय करणार, ते एकेकीनं इंग्रजीत सांगा." पहिली म्हणाली, टाकी धुणार. दुसरी म्हणाली, कपडे भिजवणार. शेजारच्या कॉलनीतली शबानाभाभी म्हणाली, "आय विल फिल वॉटर." संभाजीनगरात नळाला पाणी आठवड्यानं येतं, दुसरं काय सुचणार?

मॅडम वैतागल्या. "अहो, पाणी सोडून बोला की!"

मी उठले. "टुमारो आय विल गो फॉर इंटरव्ह्यू." खरंच उद्या सकाळी बालवाडीत मदतनीसाच्या कामासाठी मुलाखत आहे. त्यासाठीच तर हा क्लास लावला. मॅडमनी टाळ्या वाजवल्या.

खाली बसले तोच कॉलनीच्या ग्रुपवर मेसेज आला. परवा येणारं पाणी उद्या सकाळीच सोडणार.

आणि मॅडम म्हणतात, "हेच वाक्य सगळ्यांनी म्हणा." सगळा वर्ग एका सुरात माझं वाक्य म्हणत होता, आणि मी हातातल्या मोबाइलकडं बघत होते.

बाहेर येऊन ह्यांना फोन लावला. म्हणाले, "माझी फर्स्ट शिफ्ट आहे. तुझी मुलाखत काय, पुढं ढकलता येईल." भाभी हळहळली, "मेरे कू भी कलच पानी है, नय तो मैं भर देती."

मला एकच सांगा. पाणी येतं त्या दिवशी तुमच्या घरात कोण थांबतं? आणि त्याला कधी कुणी विचारलंय का, उद्या तुला कुठं जायचं होतं?